खर्जातली शेजारीण

आयुष्यात मी पुष्कळांवर जळले. जावेच्या लांबसडक केसांवर, बहिणीच्या सरळ नाकावर, शाळेत पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीच्या वळणदार अक्षरावर. हे सगळं जळणं नेहमीचं, घरगुती. पण एखाद्या बाईच्या आवाजावर जळायला मला सत्तरीला टेकावं लागलं आणि त्यासाठी समुद्र ओलांडून ऑकलंडला यावं लागलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाची मी आठवली की हसू आवरत नाही. तिला मी मनातल्या मनात 'पोरगी' म्हणते. सत्तरीची होती, पण अक्कल सोळाव्या वर्षात अडकलेली. गुडघे मात्र आजच्यापेक्षा चांगले होते, त्यामुळे मूर्खपणा करायला तिला भरपूर पळता यायचं.

मुलाने बॉटनी डाउन्सला घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आम्हा दोघांसाठी एक छोटं घर बांधलं. इथे त्याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. "म्हणजे घर तुझं आणि मी पाहुणा," असं हे सगळ्यांना हौसेने सांगत सुटायचे. स्वयंपाकाचा ओटा उत्तरेच्या खिडकीखाली, त्यामुळे दिवसभर ऊन. इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे माझ्या डोक्यात शिरायलाच वर्ष गेलं. भिंती लाकडी चौकटीच्या, वर पांढरा प्लास्टरबोर्ड. पुण्यात भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे दोन माणसं आणि एक भांडण लागायचं. इथे बोटाने टकटक केली तरी भिंत ढोलकीसारखी वाजते.

कुंपणापलीकडे एक माओरी बाई राहायची. आमच्याच वयाची, एकटी, उंच, कायम टोपी आणि जँडल्समध्ये. जँडल्स म्हणजे आपली रबरी स्लिपर. तरुणपणापासून दुधाचे टँकर चालवत आली होती, गोठ्यांवरून दूध घेऊन थेट 'ते रापा' नावाच्या गावातल्या कारखान्यापर्यंत. त्या इंजिनाशी बोलून बोलून झाला असेल की जन्मतःच असेल, पण तिचा आवाज म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार. तिने कुंपणावरून "किया ओरा", म्हणजे त्यांच्या भाषेतला नमस्कार, म्हटलं की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या शहारायच्या.

पहिल्याच आठवड्यात तिने ह्यांच्या चांगल्या चार अक्षरी नावाची शेपटी छाटून ते एका अक्षरावर आणलं. जे नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं आणि नंतर कधी जिभेवर येऊ दिलं नाही, ते ही बाई कुंपणावरून चेंडूसारखं फेकायची. आणि हे तो चेंडू झेलायला धावायचे.

तिथपर्यंतही मी सहन केलं. इथे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात. नातसुद्धा तिच्या बाईंना नावाने हाक मारते. पण एका शनिवारी दुपारी जे झालं ते नाही सहन झालं.

हे अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. मी दारातून हाक मारली, "अहो, चहा झालाय." उत्तर नाही. "अहो, चहा!" नाही. मी पायरीवर आले, पदर खोचला आणि सासूबाईंना स्वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहोऽऽ!" झाडावरचा पक्षी उडाला. हे जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात कुंपणापलीकडून, काहीही जोर न लावता, ती बाई म्हणाली, "तुझी रोपं फार जवळजवळ लागलीत."

"असं म्हणतेस?" हे ताबडतोब म्हणाले आणि हसत उठले. उठताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला दारात ऐकू आला. त्यांना माझा आला नव्हता.

माझा आवाज बारीक, किनरा. मला बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलीचा आवाज गोड आहे हो." त्या एका वाक्यावर मी सबंध संसार रेटला. मग त्या दुपारी पोरगीने काय निष्कर्ष काढला? ह्यांचे कान म्हातारे झालेत, असा? छे. तो फारच सरळ झाला असता. तिने ठरवलं की ह्यांना आपल्या आवाजाचा कंटाळा आला आहे, आणि दुसऱ्या आवाजाची गोडी लागली आहे.

एकदा तसं ठरवलं की पुरावे घरी चालत येतात.

हिवाळ्याच्या तोंडावर मुलाने आमच्या खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. थंडी आत येऊ नये म्हणून. थंडीबरोबर आवाजही बाहेर राहिला. पूर्वी बैठकीच्या खिडकीपाशी बसलं की कुंपणावरचं बोलणं अर्धंमुर्धं कानावर पडायचं: कंपोस्ट, मांजर, पाऊस. आता एकदम मुका सिनेमा. ती कुंपणावर कोपरं टेकून उभी, ऊन तिच्या चेहऱ्यावर, दात चमकतायत. हे पाठमोरे, मान एका बाजूला कललेली. ती काहीतरी बोलायची, ह्यांचे खांदे हसून हलायचे. मग हे बोलायचे, ती डोकं मागे टाकून हसायची. सगळं कसं लख्ख दिसत होतं आणि एक शब्द कानावर येत नव्हता. मी काचेला नाक लावलं. नाकाचा ठसा उमटला, बाकी काही नाही. खिडकी उघडावी तर तिचा खटका वाजतो. मी तशीच उभी राहून दोघांच्या हसण्याला माझ्या मनाने शब्द जोडत गेले. ते शब्द काय होते ते आता नातीच्या वयाच्या कोणी वाचलं तर बरं दिसणार नाही.

संध्याकाळी विचारलं, "काय एवढं हसत होता?"

"अं? हो हो," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मग दोघांचं गॅरेज सुरू झालं. तिला बियांच्या रोपांसाठी लाकडी खोकी करायची होती, ह्यांना हातोडीची हौस. मुलाचं गॅरेज आमच्या घराला चिकटून, मधे एकच भिंत. एक दिवस त्या भिंतीपलीकडून घूं घूं असं तिचं बोलणं यायला लागलं. मधेच हे काहीतरी म्हणायचे. मग बराच वेळ गप्प. मग पुन्हा घूं घूं. हातोडीचा आवाज नाही. खोकी करताना हातोडी वाजायला नको?

मी स्टीलचा पेला घेतला, त्याचं तोंड भिंतीला लावलं आणि बुडाला कान. लहानपणी आम्ही भावंडं पाहुण्यांचं बोलणं असंच ऐकायचो. डोळे मिटून मी इतकी गुंगले होते की सून कधी आत आली कळलंच नाही.

"आई, काय करताय?"

"काही नाही. पेला पुसतेय."

"भिंतीने?"

आता ही माझी सून. मूळची नागपूरची, इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. आणि शिकली काय, तर इमारतींमधून आवाज कसा जातो ते. नवीन घरं बांधली की ही यंत्रं घेऊन जाते आणि एका खोलीतलं दुसरीत किती ऐकू येतं ते मोजते. लग्न ठरलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, इंजिनिअर आहे. कसली, ते मला नीट कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

ती रागावली नाही, हसलीही नाही. माझ्या हातातला पेला बघितला, भिंत बघितली आणि म्हणाली, "तिथे काही येणार नाही. आत पोकळ आहे, लोकर भरलीय. आवाज लोकरीत जिरतो." मग डॉक्टर पाठ ठोकून बघतात तशी तिने दोन बोटांनी भिंत ठोकत नेली. ढब, ढब, ढब, टक. "हं. इथे उभा वासा आहे. लाकडावर लावा."

"तू पण ये की."

"नको. हे माझं ऑफिसचं काम आहे, घरी नाही करत."

मी वाशावर पेला लावला. घूं घूं मोठं झालं, पण शब्द? शब्द नाहीत. पाण्याच्या टाकीत बसून कोणी गातंय तसं.

"काहीच कळत नाहीये गं. नुसती भुणभुण."

"तसंच येणार. जाड आवाज भिंतीतून पार होतात, कोपऱ्यावरून वळून जातात, लांब पोचतात. बारीक आवाज मधेच मरतात. आणि आपण जे स, त, फ वगैरे बोलतो ना, ते सगळे बारीक. त्यांच्याशिवाय शब्द कळत नाही."

"म्हणजे तिचा आवाज पार होतो."

"हो."

"आणि माझा?"

"तुमचा मरतो, आई."

"बरं झालं सांगितलंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला वाटलं असावं की सासूबाईंना विज्ञानात गोडी वाटते आहे. खाटेच्या काठावर टेकून तिने मला सगळं समजावून सांगितलं. आवाजाला जायला मधे काहीतरी लागतं. हवा, पाणी, लाकूड, काहीही. एक कण शेजारच्याला ढकलतो, तो त्याच्या शेजारच्याला. लाकडात कण घट्ट बसलेले, म्हणून तिथे पटकन पोचतं.

"म्हणजे लग्नघरातली बातमी," मी म्हटलं.

"अगदी. पण मधे कोणीच नसलं, पूर्ण रिकामं असलं, तर आवाज जातच नाही. प्रकाशाचं उलट. त्याला कोणाची गरज नाही. सूर्यापासून इथवर सगळी पोकळीच आहे, तरी ऊन येतंच ना? सूर्याचा आवाज मात्र येत नाही."

"तो ओरडत असला तरी?"

"ओरडतच असतो म्हणा. आपल्याला कधी कळायचं नाही."

ती गेली आणि मी पेला हातात धरून बसले. मधे काहीच नसलं तर आवाज जात नाही. म्हणजे इतक्या वर्षांनी आमच्या दोघांच्या मधे काही उरलंच नव्हतं की काय? सुनेने बिचारीने पदार्थविज्ञान सांगितलं होतं, पोरगीने त्यातून स्वतःसाठी नेमकं विष गाळून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाज बदलला.

हनुवटी गळ्याला लावायची, पोटातून हवा काढायची आणि बोलायचं. "अहो," मी खर्जात म्हटलं, "जेवायला चला." हे ताबडतोब वळले! हे दारात आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, तू अशी हवालदारासारखी का बोलतेयस?"

ऐकू आलं होतं, हे महत्त्वाचं. पण त्या आवाजात काही गोड बोलता येईना. हुकूमच सुटायचे. "पाणी प्या" म्हटलं तरी धमकी वाटायची. रविवारी मराठी मंडळात गेले तर मैत्रिणींनी घेरलं. "काकू, घसा केवढा बसलाय! आलं घाला, ज्येष्ठमध चोखा." एकीने तर घरी येऊन काढा करून ठेवला, आणि तो मला तिच्यासमोर प्यावा लागला. बुधवारपर्यंत घसा खरोखरच बसला. मग मी पुन्हा माझ्या जन्माच्या आवाजावर आले, आणि पुन्हा कोणाला ऐकू येईनाशी झाले.

त्यानंतरची ती संध्याकाळ. जूनमध्ये इथे पाचलाच अंधारून येतं. मला दिवे घालवत फिरायची सवय. माणूस खोलीतून उठला की त्याच्या मागोमाग दिवा गेलाच पाहिजे, अशा शिस्तीत मी वाढले. ओट्यावरचा छोटा दिवा तेवढा चालू, बाकी खोली काळोखी. हे टेबलाशी. मी ह्यांच्याकडे पाठ करून कढीला फोडणी देत होते. मोहरी तडतडली, हिंग घातला आणि काय झालं कोण जाणे, कित्येक महिने घशाशी अडकलेलं एकदम बाहेर पडलं.

"तुम्हाला माझा कंटाळा आलाय का?"

मागून हे म्हणाले, "हो, चालेल. पण थोडाच."

माझ्या हातातली पळी कढईत पडली.

असा माणूस! इतकी वर्षं ज्याचे मोजे धुतले, तो म्हणतो थोडाच. आणि चालेल. मी ताडताड गेले, खोलीतला मोठा दिवा लावला, ह्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "थोडा म्हणजे किती? आणि तिचा नाही येत तो? तिचा शब्दन् शब्द ऐकू येतो, माझा एक नाही! माझा आवाज नकोसा झालाय तर तसं सांगा ना!"

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, जरा खाली. माझ्या ओठांकडे.

"नकोसा?" हे सावकाश म्हणाले. "असं कुठे म्हटलं मी?"

"आत्ता म्हणालात! मी विचारलं कंटाळा आलाय का, तर म्हणालात, हो, थोडाच."

हे खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मला वाटलं तू भात विचारतेयस. ह्या वेळेला तू भातच विचारतेस."

"म्हणजे ऐकू आलं नाही?"

"नाही."

"आणि आता आलं?"

"आता दिवा आहे," हे म्हणाले. "आणि तू इकडे बघतेयस."

मी खुर्चीत बसले. कढी उतू गेली असावी, वास येत होता. दोघंही उठलो नाही.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. बारीक आवाज ऐकू येईनासे होऊन दोनतीन वर्षं झाली होती. पक्षी गेले, मग घड्याळाची टिकटिक, मग नात, मग मी. जाड आवाज अजून शाबूत होते. माझं बोलणं हे माझ्या तोंडावरून उचलायचे, स्वतःलाही न कळता. पण मी कुठे तोंड दाखवायची! आमच्या पिढीत नवऱ्याशी बोलायचं ते फोडणीकडे बघून. सासूबाई पाटावर, दीर दारात, त्यांच्यादेखत नवऱ्याकडे तोंड वर करून बोलणार कोण? सासूबाई जाऊन जमाना झाला, दीर गेले, आम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो, आणि मी अजून ओट्याकडे तोंड करूनच संसार करत होते. चुकून वळलेच तर मागे खिडकी, उजेड डोळ्यांवर, माझा चेहरा नुसता काळा गोळा. आणि संध्याकाळी दिवे मीच घालवायची. कुंपणावरची ती बाई मात्र उन्हात उभी राहून, सरळ तोंडाकडे बघून बोलायची. वर तो आवाज.

"आणि गॅरेजमध्ये?" मी विचारलं. पोरगी ती, सोडते होय!

"तिच्या कानामागे दोन मशिनं आहेत. टोपीखाली असतात, दिसत नाहीत. टँकरच्या इंजिनाने कान गेले तिचे. तिनेच ओळखलं माझं. म्हणाली, 'तू बायकोकडे पाठ करून उभा राहतोस आणि ती हाक मारून मारून दमते.' मशीन कसं लावतात ते तिथे दाखवत होती. तपासणीही तिनेच ठरवून दिलीय."

आता इथे शहाण्या बाईने काय करावं? डोळे पुसावेत, मनात त्या शेजारणीचे आभार मानावेत. मला तर आधीपेक्षा जास्त राग आला. तो आवाज, ते हसू, ते एकाक्षरी नाव, सगळं मी गिळलं असतं. पण ह्यांनी हे तिला सांगितलं? माझं ऐकू येत नाही, हे मला सोडून तिला?

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस," हे म्हणाले. "आणि ते मला ऐकू आलं नसतं."

मी उठले आणि गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर चिवडा घेऊन कुंपणाशी गेले. आभार मानायला, असं मी सुनेला सांगितलं. खरं म्हणजे मला तिच्या कानामागची मशिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. तिने टोपी काढून दाखवली, हसत. मग आमच्या झाडासारखी दुकानात मिळत नाहीत म्हणत पिशवीभर फिजोआ दिली. हिरवं, पेरूच्या चुलतभावासारखं फळ ते. आणि त्या खर्जात म्हणाली, "तो तुझ्याबद्दल हीप्स बोलतो हं. गप्पच बसत नाही."

मी हसून घरी आले आणि पुन्हा जळत बसले. माझ्याबद्दल तिच्याशी हीप्स, म्हणजे ढिगाने, बोलतात. माझ्याबद्दल माझ्याशी कधी बोलले होते?

तपासणी झाली, पण मशीन तयार होऊन यायला काही आठवडे होते. ते आठवडे सांगते, माझ्या लग्नातले सगळ्यात चांगले. सुनेने ओट्यासमोरच्या खिडकीला पडदा लावला आणि टेबलावर एक दिवा आणून ठेवला, माझ्या तोंडावर पडेल असा. काही सांगायचं झालं की मी हातातलं काम ठेवायची, दिव्यासमोर बसायची, आणि हे माझ्या तोंडाकडे बघायचे. नुसतं बघायचे नाहीत, अगदी कान देऊन बघायचे. सत्तरीत कोणी आपल्याकडे असं टक लावून बघायला लागलं की काय होतं ते मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी लाजले. दुसऱ्या दिवशी आरशासमोर जाऊन हनुवटीवरचे दोन केस उपटले. तिसऱ्या दिवसापासून टिकली सरळ लावायला लागले. आणि बोलणंही बदललं. तोंडाकडे बघणाऱ्या माणसाला 'नळ गळतोय' एवढंच सांगून उठता येत नाही. त्याच्यापुढे आणखी काहीतरी बोलावंसं वाटतं.

मधेच मी एकदा सुनेला विचारलं, "प्रकाशाला मधे काही लागत नाही म्हणालीस ना?"

"नाही लागत."

"बरंय मग," मी म्हटलं. ती काही कळलं नसल्यासारखी बघत राहिली. सगळंच सुनेला कळायला पाहिजे असं नाही.

मग मशीन आलं. दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढं. ह्यांनी ते लावलं आणि पहिल्यांदा दचकले ते फ्रिजला. "हा कायम असा घुरघुरतो?" मग स्वतःच्या तोंडातल्या पापडाला. मग माझ्या जँडल्सच्या फटफटीला. कुंपणावर गेले आणि दोन मिनिटांत कानावर हात ठेवून परत आले: "फारच मोठ्याने बोलते ती!" हे ऐकून पोरगीला इतका आनंद झाला की तिने संध्याकाळी गोड केलं.

आनंद फार टिकला नाही. तिसऱ्या दिवशी मी ओट्याशी होते आणि नेहमीसारखी, तोंडातल्या तोंडात, "ह्या माणसाने कधी एक ताट उचललं असेल तर शपथ" असं पुटपुटले. फोडणीपाशी पुटपुटायचा हा माझा जन्माचा हक्क. आतून उत्तर आलं, "उचलतो, उचलतो." पेपरातून मान वर न करता! पलीकडच्या खोलीतून! इतक्या वर्षांत त्या फोडणीने माझी एक चुगली केली नव्हती.

पण त्याहून वाईट लक्षात यायला आणखी थोडे दिवस लागले. आता मी काहीही बोलले, कुठूनही बोलले, तरी उत्तर यायचं. न्हाणीतून, अंगणातून, पाठमोरं. "हो", "आलो", "बघतो". मला हवं ते अगदी तसंच मिळालं होतं. आणि माझ्याकडे बघायची ह्यांना आता गरजच उरली नव्हती. टेबलावरचा दिवा सुनेने नातीच्या अभ्यासाला नेला. मी तोंड उघडून अडवू शकले नाही. काय सांगणार होते?

म्हणजे शेजारीण सुटली आणि मी दोन शेंगदाण्यांवर जळायला लागले.

एका सकाळी हे उत्तरेच्या खिडकीपाशी टॅबलेटवर पुण्याचा पेपर वाचत होते. मी ऊन माझ्या चेहऱ्यावर पडेल अशी खुर्ची ओढून समोर बसले आणि बोलायला लागले. नुसते ओठ हलवून. आवाज अजिबात काढला नाही.

काही वेळाने ह्यांना समोर काहीतरी हलतंय असं वाटलं असावं. मान वर केली. डाव्या कानामागे बोटाने टकटक केली. मी बोलतच होते. उजवीकडे टकटक. मग दोन्ही मशिनं काढून फुंकर मारली, शर्टाला पुसली, पुन्हा लावली. मी थांबले नाही, आणि आता जरा हातवारेही करत होते. शेवटी टॅबलेट बाजूला ठेवलं, चष्मा नीट केला, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून हे पुढे वाकले आणि माझ्या ओठांकडे बघायला लागले.

मी काय बोलत होते ते इथे लिहिणार नाही. ते खालच्या आवाजातसुद्धा बोलता आलं नसतं. गोड आवाजाच्या मुली असल्या गोष्टी बोलत नाहीत.

बोलून झालं. ह्यांच्या कानांची टोकं लाल झाली होती.

"मशिनाला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "बॅटरी कालच बदललीय."

मी नुसती मान डोलावली.

"शेवटचं नीट कळलं नाही," म्हणाले. "पुन्हा सांग."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पुन्हा सांगितलं. तसंच, आवाज न करता.